ओहोटीला खडपावर: लोकांना किनारा दाखवण्याची रीत

गावातल्या, शाळेतल्या किंवा सोसायटीतल्या लोकांना घेऊन खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर जायचं, डबक्यांतले जीव दाखवायचे आणि कुणालाही, म्हणजे माणसाला किंवा खेकड्याला, इजा न होता परत यायचं, एवढाच हा बेत. मुंबईत 2017 पासून ‘मरीन लाईफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने अशा फेऱ्यांची शहराला सवय लावली. कोकणात मात्र अजून बहुतेक ठिकाणी किनारा दाखवणं म्हणजे पुळणीवर बसवून सूर्यास्त दाखवणं. खाली दिलेली रीत मुंबई ते मालवण या पट्ट्यातल्या खडकाळ किनाऱ्यांसाठी आहे.

आधी पाणी, मग तारीख

रविवार मोकळा आहे म्हणून रविवार ठरवला, की फेरी तिथेच फसते. तारीख पाणी ठरवतं. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आजही कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, साडेसातची ओहोटी मिळाली. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. हा हिशेब मुंबईच्या आसपास अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, तेव्हा त्यावरून दिवस हेरावा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यावी. डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय दरवर्षी हे तक्ते काढतं, आणि मोबाईलवरची बरीच ॲप्सही आता बरी आहेत. तक्ता मात्र आपल्या जवळच्या बंदराचाच घ्या. रत्नागिरी-मालवणकडे पाणी मुंबईच्या आधी चढतं-उतरतं, आणि भरती-ओहोटीतला फरकही कमी असतो.

वेळेइतकीच पातळी महत्त्वाची. अष्टमीच्या आसपास भांग असतं, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. त्या ओहोटीला खडपाचा वरचा, जवळजवळ रिकामा पट्टाच उघडा पडतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत, पाणी खोल उतरतं. मुंबईच्या तक्त्यात ओहोटीचा आकडा 0.6 मीटर किंवा त्याखाली असेल तर दिवस उत्तम, 1 मीटरपर्यंत चालेल, 1.5 च्या वर असेल तर लोकांना उगाच उठवू नका. दक्षिण कोकणात हे आकडे लागू पडत नाहीत. तिथे महिन्याचा तक्ता समोर ठेवून सर्वांत खाली जाणारे चार-पाच दिवस निवडायचे.

दिवसाला दोन ओहोट्या येतात, पण दोन्ही सारख्या खोल नसतात. साधारणपणे थंडीत संध्याकाळची ओहोटी जास्त उतरते, उन्हाळ्यात पहाटेची. डिसेंबरात पौर्णिमेनंतरची संध्याकाळची ओहोटी अंधारात जाते, म्हणून थंडीत चतुर्दशीच्या आसपासचे दिवस धरावेत: ओहोटी साडेचार-पाचला, सूर्यास्त सहाच्या सुमारास. मार्च ते मे या काळात द्वितीया-तृतीयेची सकाळ चांगली, कारण दहाच्या आत सगळे सावलीत परत येतात. जून ते सप्टेंबर खडपावर लोकांना नेऊच नये. लाटा मोठ्या, पाणी गढूळ, शेवाळामुळे खडक निसरडे, आणि नाल्यांचं पाणी थेट किनाऱ्यावर. फेरीच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचा लाटांचा इशारा पाहून घ्या. आभाळ स्वच्छ असतानाही दूरच्या वादळाचे लोंढे येऊन आदळतात, आणि तक्त्यात त्याची काही खूण नसते.

जागा

चांगली जागा म्हणजे उताराची, सपाट खडकांची, डबक्यांनी भरलेली, आणि जिथे परतीला एकापेक्षा जास्त वाटा आहेत अशी. मुंबईत हाजी अली, बँडस्टँड, कार्टर रोड इथे बेसाल्टचं खडप आहे. रत्नागिरी-मालवणकडे जांभ्याचं, भोकाभोकांचं. जांभ्यात लपायला जागा जास्त, म्हणून जीवही भरपूर, पण बुटाचा तळ फाडणारे कंगोरेही तितकेच. नाल्याचं तोंड, मोरीचा पाइप, मासळी उतरवायचा धक्का यांपासून दूर राहा. तिवरांच्या (खारफुटीच्या) चिखलात गट नेऊ नका, श्वासमुळं पायाखाली मोडतात. तिवरांचं वेगळं बघायचं असेल तर लाकडी पायवाट असलेली जागा शोधा.

फेरीच्या आधी तशाच पातळीच्या ओहोटीला एकदा तरी एकट्याने, खरं म्हणजे दुकट्याने, ती वाट चालून या. आदल्या दिवशीची ओहोटी सर्वांत सोयीची. तेव्हा तीन गोष्टी बघायच्या. गट थांबवण्यासारखी तीन-चार डबकी. किनारा आणि खडप यांच्या मधली घळ किंवा खोलगट पट्टा. आणि त्या घळीत पाणी परत शिरायला लागतं ती वेळ. ही वेळ वहीत लिहून ठेवा, कारण सगळ्या फेरीचं घड्याळ तिच्यावर चालतं.

तिथे कालवं फोडणाऱ्या किंवा खेकडे धरणाऱ्या बायका असतील तर आधी त्यांच्याशी बोला. ती त्यांची रोजची जागा आहे. आपण वीस जणांना घेऊन त्यांच्या कामात शिरतोय, एवढं भान हवं. जमलं तर त्यांच्यापैकी एकीला रीतसर मानधन देऊन सोबत घ्या. कुठला दगड हलतो, कुठल्या भेगेत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसतं, हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं प्राणिशास्त्राच्या पदवीधराला नसतं. मोठा गट असेल तर ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला कळवून ठेवावं, आणि मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या संरक्षित भागात वनखात्याची परवानगी घ्यावी.

माणसं आणि सामान

एका वाटाड्यामागे बारा ते पंधरा माणसं, त्याहून जास्त नाहीत. मुलं असतील तर दर सहा मुलांमागे एक मोठं माणूस. शिवाय शेवटी चालणारी एक व्यक्ती वेगळी हवी. तिचं काम फक्त मागे राहिलेल्यांना गोळा करणं आणि घड्याळ बघणं. बोलणाऱ्या माणसाला वेळेचं भान राहत नाही, म्हणून घड्याळ त्याच्याकडे देऊ नये.

पायात जुने, नाडीचे, खाचांच्या तळाचे बूट. चपला निसटतात, फ्लोटरमधून बोटं कालवांवर कापली जातात, आणि गमबूट पाण्याने भरले की पाय उचलत नाही. पूर्ण लांबीची पँट, टोपी, पिण्याचं पाणी. सनक्रीम हातांना लावू नका. तो हात डबक्यात गेला की ते सगळं तिथल्या दोन बादल्या पाण्यात उतरतं. आयोजकांच्या पिशवीत शिट्टी, दहा मीटर दोरी, चिमटा, साबण, पोव्हिडोन आयोडीन, पट्ट्या, 10 पट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, आईस्क्रीमचा एखादा पारदर्शक डबा, आणि थर्मासभर गरम पाणी. थर्मास चहासाठी नाही, ते पुढे येईल. जाळी आणि बादल्या घरीच ठेवा. हातात जाळं आलं की मुलांचं बघणं संपून धरणं सुरू होतं.

घड्याळ

समजा ओहोटी साडेपाचला आहे. लोकांना पावणेचारला बोलवा (पाच-दहा जण उशिरा येणारच), चारला खडपावर उतरा आणि उतरत्या पाण्याच्या मागोमाग खाली जा. साडेपाचला सर्वांत खालच्या टोकाला असाल. पावणेसहाला तोंड किनाऱ्याकडे. ‘अजून पाणी कुठे आलंय’ असं कुणीतरी म्हणतंच, त्याला उत्तर असं: पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मुंबईत उधाणाला फरक 4 मीटर धरला तर तिसऱ्या तासात एकट्यानेच 1 मीटर पाणी चढतं. सपाट खडपावर एवढ्यात सगळी वाट बुडते. आणि समोरचा खडक कोरडा दिसत असतानाच मागची घळ भरलेली असते. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन अडकणारे पर्यटक नेमकी हीच चूक करतात.

थंडीतल्या संध्याकाळी परतीचं हे घड्याळ आणखी पंधरा मिनिटं आधीचं ठेवा. संधिप्रकाशात ओला खडक आणि डबकं यांतला फरक कळत नाही.

खडपावर

सुरुवातीचं बोलणं पाच मिनिटांत संपवा. वाळूवर उभं करून अर्धा तास सागरी परिसंस्थेवर भाषण दिलं, की उतरत्या पाण्याचा अर्धा तास गेला आणि मुलांचा उत्साहही. नियम थोडेच सांगा: उघड्या खडकावर पाय, जिवंत पांघरुणावर नाही. वाटाड्याच्या पुढे कुणी जायचं नाही. भेगेत हात घालायचा नाही. पाण्यातलं पाण्याबाहेर काढायचं नाही. शिट्टी झाली की परत.

मग वरून खाली चालताना पट्टे दाखवा, कारण खडपाची सगळी गंमत त्या पट्ट्यांत आहे. सर्वांत वर, जिथे दिवसातला बराच वेळ ऊन लागतं, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढे शंख भेगांत दाटीने बसलेले दिसतील. तोंडावरचं झाकण ओढून ते आतला ओलावा धरून ठेवतात. त्याखाली बार्नॅकल. दिसायला शिंपल्याची पुटकुळी, पण नात्याने कोळंबीची भावकी. मधल्या पट्ट्यात कालवांची पांढरी धार, टोपीसारखे लिंपेट आणि कालवांना भोक पाडून खाणारे शंख. रिकाम्या शिंपल्यावर गोल, नीट कोरलेलं भोक सापडलं तर ते मुलांच्या हातात द्या आणि कुणी केलं असेल ते त्यांनाच विचारा. सर्वांत खालच्या पट्ट्यात रंग सुरू होतात: हिरवट-तपकिरी गालिच्यासारखे झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले प्राणी), स्पंज, समुद्रफुलं, नशिबात असेल तर नखाएवढी रंगीत समुद्री गोगलगाय, आणि खडकाला चिकटलेलं प्रवाळ. मुंबईत प्रवाळ आहे यावर बऱ्याच मुंबईकरांचा विश्वास बसत नाही. 2020 मध्ये किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथली प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली गेली, तेव्हा अनेकांना ती असल्याचं कळलं.

वरचा पट्टा ऊन ठरवतं आणि खालचा पट्टा शेजारी ठरवतात. वर कोण टिकेल हे कोरडं पडण्यावर अवलंबून, खाली कोण टिकेल हे खाणाऱ्यांवर आणि जागेच्या भांडणावर. एवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात राहिलं तरी पुरे. नावांची यादी घोकून घेऊ नका. वाटाड्याला नाव आठवत नसेल तर त्याने ‘माहीत नाही, फोटो काढून शोधू’ म्हणावं, दडपून काहीतरी सांगू नये.

डबक्याशी उभं राहण्याचीही पद्धत आहे. उन्हाकडे तोंड करून बसा, म्हणजे सावली पाण्यावर पडत नाही. पहिला मिनिटभर कुणी बोलायचं नाही आणि हलायचं नाही. सावली पडताच लपलेले मासे, कोळंब्या आणि शंखात राहणारे खेकडे एवढ्या वेळात पुन्हा बाहेर येतात. एका डबक्याभोवती एका वेळी पाच-सहा जणच. पंधरा जणांनी गर्दी केली की कुणाचा तरी पाय आत जातो, गाळ उठतो आणि पुढची दहा मिनिटं कुणालाच काही दिसत नाही. बाकीच्यांना तोवर दुसऱ्या डबक्याशी लावून द्या.

दगड उलटायचा की नाही? कमीत कमी, आणि फक्त वाटाड्याने. दोन्ही हातांत सहज मावेल एवढाच दगड, सुटा असलेला. पलीकडची कड आपल्या बाजूला उचलायची, म्हणजे खालून निघालेला प्राणी आपल्यापासून दूर पळतो. अर्ध्या मिनिटात बघून घ्यायचं. खाली उरलेला खेकडा आधी बाजूला सरकू द्यायचा, मग दगड त्याच जागी, तीच बाजू वर ठेवून हळूच टेकवायचा. दगडाच्या खालच्या बाजूला स्पंज, अंडी, नळ्यांतले कृमी असतात, त्यांना ऊन सोसत नाही. वरच्या बाजूच्या शेवाळाला अंधार सोसत नाही. उलटा राहिलेला दगड म्हणजे दोन्ही बाजूंचे जीव मेले. एखाद्या खडपावर काळे-पांढरे डाग असलेले, उलटे पडलेले दगड फार दिसले, तर तिथे आपल्या आधी कुणीतरी अशी फेरी काढून गेलंय असं समजा.

शंखखेकड्याला शंखातून ओढू नका, तो तुटेल पण सुटणार नाही. तारामासा खडकावरून खेचला की त्याचे नळीसारखे पाय तिथेच राहतात. शंकूच्या आकाराचा, नक्षीचा जिवंत शंख उचलू नका. त्यातल्या काही जातींचा दंश जीवघेणा असतो. रिकामे शंखही घरी नेऊ देऊ नका, खडपावर घरांची टंचाई कायमची आहे. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी आणि काही शंखांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि प्रवाळाच्या बाबतीत वाळलेला तुकडा नेणंही गुन्हाच.

‘हे खातात का?’ हा प्रश्न दर फेरीत येतो. शहरी वाटाडे इथे नाक मुरडतात, ती मोठी चूक. किनाऱ्यावरच्या माणसाचं या जिवांशी पहिलं नातं ताटातलंच आहे. कालवं, तिसऱ्या, शिणाणे, चिंबोऱ्या यांची नावं त्याला येतात ती त्यामुळेच. ‘हो, खातात’ असं सांगा, कुठल्या महिन्यात खात नाहीत आणि का, हे गटातल्या कुणा आजींना विचारा. अंड्यांवरची चिंबोरी परत सोडायची की नाही यावर तिथेच पाच मिनिटं वाद झाला तर त्याहून चांगली चर्चा तुम्हाला घडवता येणार नाही.

काही झालं तर

सगळ्यात जास्त होतात त्या कालवांच्या जखमा. समुद्राच्या पाण्याने धुऊ नका. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने धुवा, आतला तुकडा चिमट्याने काढा, आयोडीन लावा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते विचारा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाची जखम लाल होऊन भराभर सुजायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, थांबायचं नाही.

पाकटाचा काटा लागला तर थर्मास काढायचा. गरम आणि साधं पाणी मिसळून ते साधारण 45 अंशांपर्यंत आणा आणि जखमी पाय त्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, कारण उष्णतेने त्या विषाची वेदना कमी होते. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने हात घालून बघावं. दुखणाऱ्या पायाला ते कळत नाही आणि कातडी भाजते. काटा खोल रुतला असेल, विशेषतः पोटात किंवा छातीत, तर ओढून काढू नका, थेट रुग्णालयात न्या. 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी अनेकांना पाकटांनी डंख केले. उथळ पाण्यातून जाताना पाय न उचलता घासत नेले, तर पाकट आधीच निघून जातं.

वाळूवर पडलेली निळी फुग्यासारखी ब्लू बॉटल सुकलेली असली तरी डसते. तिचे धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका. साप दिसला तर तो किती विषारी आहे याची चर्चा दहा पावलं मागे जाऊन करा. किनाऱ्यावरचे बरेचसे समुद्री साप अतिविषारी असतात. चावला तर दुखत नसलं तरी 108 ला फोन करायचा आणि माणसाला चालवायचं नाही.

जिवंत डॉल्फिन किंवा कासव किनाऱ्याला लागलेलं दिसलं तर पाण्यात ढकलू नका. सावली करा, अंगावर ओलं फडकं ठेवा, डॉल्फिनचं डोक्यावरचं नाक मोकळं राहू द्या, गर्दी हटवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

नोंदी

फोटो काढतच आहात, तर ते उपयोगाचे काढा. एका जिवाचे तीन: वरून, बाजूने, आणि तो बसलाय ती जागा दिसेल असा लांबून. एकात मापासाठी नाणं किंवा पट्टी. आयनॅचरलिस्टवर (जिवांच्या नोंदी ठेवणारं संकेतस्थळ आणि ॲप) टाकताना तारीख आणि ठिकाण फोनमधून आपोआप जातं, पण प्रवाळ, समुद्रघोडा, कासवाचं घरटं यांचं नेमकं ठिकाण झाकून ठेवा. नाव खात्रीने माहीत नसेल तर ‘खेकडा’ एवढ्यावरच सोडा, बाकीचं जाणकार करतात. उलट चुकीचं पूर्ण नाव दिलं की ते सुधारायला वर्षं जातात.

त्यापुढे जायचं असेल तर चौकट बनवा. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो, आतली बाजू 50 सेंटिमीटर भरेल अशी. पाइपला भोकं पाडा, नाहीतर चौकट तरंगते. दर 10 सेंटिमीटरवर दोन्ही दिशांनी दोरा बांधला की 25 घरं होतात, आणि प्रत्येक घर म्हणजे क्षेत्राचे 4 टक्के. चौकट वरच्या, मधल्या, खालच्या पट्ट्यात प्रत्येकी तीनदा ठेवा आणि किती घरांत कालवं, किती घरांत झोअँथिड, किती घरं उघडा खडक, एवढंच लिहा. कुठे ठेवायची ते मात्र डोळे भरून रंग दिसतील तिथे नव्हे. दोरी ताणून ठरावीक अंतरावर ठेवायची, नाहीतर सगळ्या नोंदी सुंदर डबक्यांच्याच होतात. कागदावर तारीख, वेळ, तक्त्यातली पातळी आणि नोंद करणाऱ्याचं नाव. ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा, त्याच जागी, शक्यतो त्याच पातळीला. पावसाळ्यानंतरची पहिली नोंद चुकवू नका. चार महिन्यांच्या लाटांनी आणि वाळूने खडपाचं काय केलंय, ते त्याच वेळी दिसतं.

फेरीला जोडून स्वच्छता मोहीम घेण्याची टूम आहे, ती टाळलेली बरी. पिशवी हातात आली की लोक खाली बघतात ते प्लॅस्टिकसाठी. जाता जाता सुटा कचरा जरूर उचला. पण खडकाला गुंतलेलं जुनं जाळं ओढू नका, त्यावर वाढलेलं सगळं उचकटून निघतं. सुटा भाग कात्रीने कापून घ्या, चिकटलेला तसाच राहू द्या. बाटली उचलण्याआधी आत कुणी राहत नाही ना, ते बघा.